शाळेची परसबाग घरापर्यंत पोचवायचीय? या चुका टाळा

केंद्राने २०१९ मध्ये शालेय परसबागेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत वाफे पडले. जुलैत नारळ फुटतो, फोटो निघतात, आणि दिवाळीपर्यंत वाफ्यांत हरळी माजते. मीही हे करून बसलोय, म्हणून लिहितो.

पहिली चूक हिशेबाची. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीच्या मुलाला ७५. म्हणजे प्राथमिकची ८० मुलं असली तर रोज ४ किलो. गुंठाभर जागेतून ते रोज निघणार नाही. आठवड्यातून दोनदा पालेभाजी निघाली तरी चांगलं. बाजारची भाजी बंद करायच्या फंदात पडू नका.

सगळं बी एकाच दिवशी टाकू नका. मेथी महिन्याभरात तयार होते, पण एकदमच. दोन दिवस पातेल्यात मावत नाही, मग उरलेली जून होते. दर आठवड्याला एकच वाफा पेरा. भर पावसात मेथी-कोथिंबीर सडते, तेव्हा कुंपणावर दोडका, कारलं चढवा. आणि दिवाळीच्या सुट्टीपासून मागे मोजून पेरा, नाहीतर भाजी तयार आणि शाळेला कुलूप.

आता खरी गोची. बाग शाळेत राहते, घरी काही बदलत नाही. पहिल्या वर्षी आम्ही मुलांच्या दप्तरात शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या दिल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर तिसरीतली एक म्हणाली, "गुरुजी, आईनं शेळीला घातला." आईचं काय चुकलं? त्या घरात शेंगा खातात, पाल्याची भाजी कुणी केलेलीच नव्हती.

तेव्हापासून आधी खाऊ घालतो. आहार शिजवणाऱ्या मावशी पाला देठावरून ओरबाडतात, धुतात, मगच बारीक चिरतात (चिरून धुतलं की सत्त्व पाण्याबरोबर जातं) आणि कांदा, तिखट घालून ज्वारीच्या पिठात थालीपिठं लावतात. पालकांनी तिथंच खाल्ली, तव्यावरची. पुढच्या आठवड्यात जुडी दिली. ती शेळीपर्यंत गेली नाही. मग रोप दिलं, न्हाणीच्या पाण्यावर लावायला.

जीवनसत्त्वांचा तक्ता भिंतीवर लावून आहारशिक्षण होत नाही. दोनच गोष्टी सांगा, पण पुन्हा पुन्हा: पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा नको, तो तेच लोह अडवतो.

पालकसभा सकाळी ११ ला ठेवली तर कोण येणार? बायका निंदणीला, कापूस वेचायला गेलेल्या असतात. संध्याकाळी ठेवा. आणि 'माता पालक' एवढंच लिहून वडिलांना सोडून देऊ नका. आठवडी बाजारातून पिशवी बऱ्याच घरांत तेच भरतात.

मे महिन्याचं आधीच ठरवा. सुट्टीत पालेभाज्यांचा नाद सोडून शेवगा, कढीपत्ता, लिंबू एवढं जगवायचं. आमच्याकडे शाळेच्या कुंपणाला लागून घर असलेली एक आजी पाणी घालते. बदल्यात सुट्टीतल्या शेंगा तिच्या.