मेंढरांच्या राखणीला कुत्रं पाळताय? आधी या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की कोणाचा तरी फोन येतोच. कुत्रं पाळलंय तरी लांडग्यानं कोकरू नेलं, आता काय करू. मी पहिलं एकच विचारतो, कुत्रं रात्री असतं कुठं? उत्तर ठरलेलं. दाराशी, साखळीला. अहो मग ते तुमचं दार राखतंय, मेंढरं नाय. मेंढरं तिकडं वाघरात (जाळीच्या कुंपणात), आणि हे इकडं भुंकून भुंकून घसा बसवून घेतंय. एकदोन रात्रीत लांडग्यालाही कळतं की हे नुसतंच बोंबलतंय, येत काय नाय.

बिबट्याच्या पट्ट्यात तर साखळी म्हणजे ताट वाढून ठेवणं. अकोले भागात (नगरकडचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे) बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झालाय, त्यात त्याच्या खाण्यात वजनानं साधारण 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला, शेळ्यामेंढ्या त्यामागं. त्यामुळं अंधारात बांधलेलं एकटं कुत्रं ही राखण नाय, आमिष आहे. कुत्रं मोकळं पाहिजे आणि मेंढरांच्यात पाहिजे.

दुसरी चूक जातीची, आणि ही मी स्वतः केलीय. एकाकडून आठ महिन्यांचं कारवान आणलं, विकणारा म्हणाला वाघाला भीत नाय. दिसायला देखणं, पळायला वारा. पण कारवान ही सशामागं पळणारी जात, समोर काय पळालं की तिच्या डोक्यात दुसरं काही येत नाय. तिसऱ्याच दिवशी माझ्या पाटीची (तरण्या शेळीची) मागची तंगडी फाडली. कुत्र्याची चूक नव्हती, माझी होती. जर्मन शेफर्ड, रॉटवायलरचं पण तसंच, ती माणसाच्या हुकुमावर चालणारी कुत्री, आणि रात्री दोन वाजता माळावर हुकूम द्यायला कोण बसलंय. त्यापेक्षा धनगराच्या वाड्यावरचं पिल्लू बघा, आणि पिल्लाच्या आधी त्याची आई बघा. ती मेंढरांच्यात निवांत पडलेली असते का, आणि अनोळखी माणूस आला की उठून मधे उभी राहते का, एवढं दिसलं तर बाकी रंग-शेपटी काय बघू नका.

पिल्लू दीडपावणेदोन महिन्यांचं झालं की आणा आणि आणल्या दिवसापासून कोकरांच्यात ठेवा. वाघरातच एका कोपऱ्यात फळ्या लावून जागा करा, म्हणजे मोठ्या मेंढ्या तुडवणार नाहीत आणि नको वाटलं की पिल्लाला आत सरकता येईल. साधारण चार महिन्यांपर्यंत ते ज्यांच्यात झोपतं त्यांनाच आपलं मानतं, पुढं कितीही डोकं फोडा तसं जमत नाय. इथंच घोळ होतो, पोरं उचलून घरात नेतात, आजी दूधभाकरी ओट्यावर घालते, मग ते पिल्लू ओट्याचंच होतं. खाणं वाघराजवळच घाला. लाड करायला मी नको म्हणत नाय, हात लावला की जवळ आलंच पाहिजे, नायतर इंजेक्शन कसं देणार, पण लाड तिथं जाऊन करा.

सहा-सात महिन्यांचं झालं की ते कोकरांच्या मागं पळणार, कान चावणार, लोकर ओढणार. लोक इथं घाबरून विकून टाकतात. हे वय जातं हो. गळ्यात लोढणं अडकवा, हातभर लाकूड, गुडघ्याला लागेल असं, चालताना त्रास नाय पण पळायला लागलं की टणाटण लागतं. आणि एखाद्या खट मेंढ्याच्या संगतीत ठेवा, तो दोन टकरा देऊन जे शिकवतो ते आपल्याला जमत नाय. ओरडायचं तर खोडी करताना ओरडा, तासाभरानं मारून त्याला काहीच कळत नाय. मेंढ्या विताना पहिल्या वेळी नजर ठेवा, वार (विल्यावर पडणारी झार) खाता खाता नवीन कोकराला पण तोंड लागू शकतं. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत एकट्यावर कळप सोडू नका.

आणि एक कुत्रं पुरत नाय. लांडगे जोडीनं आले की एक कुत्र्याला लांब ओढत नेतो, दुसरा मागून कोकरू उचलतो. दोन-तीन पाहिजेत, म्हणजे एखादं तरी कळपापाशी थांबतं. नसबंदी करून घ्या, नायतर माजावरच्या कुत्रीमागं नर चार-चार दिवस गायब. शिवाय पुण्याच्या बाजूला लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सापडलाय, म्हणजे आपल्या मोकाट कुत्र्यानं लांडग्याचं पण नुकसान होतं.

खिळ्यांचा पट्टा बिबट्याच्या भागात हवाच, बिबट्या गळाच धरतो. पण वाढत्या कुत्र्याचा पट्टा कोणी बघत नाय. एकाच्या गळ्यात पट्टा रुतून जखमेत किडे पडलेले मी बघितलेत, वास आला तेव्हा कळलं. दोन बोटं आत गेली पाहिजेत, दर पंधरा दिवसांनी बघा.

रेबीजची लस तीन महिन्यांला आणि पुढं दरवर्षी, यात चालढकल नको. जंताचं औषध मात्र लोक विसरतातच. मेलेल्या मेंढराचं डोकं, आतडी, फुप्फुस कच्चं घालता ना, त्यातून कुत्र्याला पट्टकृमी होतो, तो विष्ठेतून गवतावर, तिथून मेंढराच्या मेंदूत. मेंढी एकाच जागी गरगर फिरताना दिसली की लोक म्हणतात बाहेरचं लागलं. अहो तुमच्याच कुत्र्याचं लागलंय! त्यातल्याच एका जातीच्या जंतानं माणसाच्या लिव्हरमधे पण गाठी होतात. कच्चं घालू नका, डॉक्टरला विचारून दर तीन महिन्यांनी प्राझिक्वांटेल असलेली गोळी द्या.

एवढं करूनही एखादं जनावर जाणारच. तेव्हा मढ्यात विष घालायची अक्कल कोणी शिकवली तर ऐकू नका, लांडगा आणि बिबट्या दोघांनाही कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, आणि ते विष पहिलं तुमचंच कुत्रं खातं. फोटो काढा, वनखात्याला लगेच कळवा, पंचनामा होईपर्यंत मेलेलं मेंढरू जागचं हलवू नका. कुत्री मात्र तोवर बांधून ठेवा, नायतर साहेब येईपर्यंत पंचनाम्याला काही उरायचं नाय. साखळी वापरायची ती तेवढ्या दिवसापुरती.