गायक ‘काळी पाच’ म्हणाला की कॅपो कुठे लावायचा?

नागपूरच्या महाल भागातल्या गणपतीच्या तालमीत हे हमखास होतं. नेटवरून उतरवलेले कॉर्ड घेऊन गिटारवाला बसतो आणि गायक म्हणतो, “काळी पाच दे ना बे!” म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी हा त्याचा ‘सा’. आता पेटीची ही पट्टी गिटारवर कशी आणायची? कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा आणि जी चे ओळखीचे बोटांचे आकार वाजवा. कॅपोचं प्रत्येक घर म्हणजे अर्धा स्वर वर. काळी चार असेल तर पहिलं घर, काळी पाच असेल तर तिसरं. तिथे जी, ई मायनर, सी, डी असंच धरा. एका बोटाने सगळ्या तारा दाबायला लावणारे, बोटं मोडणारे बार कॉर्ड लागतच नाहीत. काळी एक मागितली, की चौथ्या घरात कॅपो लावून ए चे आकार. गाणं कोमल गंधाराचं, म्हणजे मायनर असेल, तर तिथेच ए मायनर.

कॅपो घराच्या धातूच्या पट्टीला (फ्रेटला) अगदी चिकटून, तिच्या अलीकडे बसवा, नाहीतर तारा खरखरतात. आणि लावल्यावर पुन्हा ट्यून कराच. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात बंद गाडीत गिटार ठेवलेली असेल, तर कॅपोचं जाऊ द्या, आधी तिचा ब्रिज (तारा अडकवलेली खालची लाकडी पट्टी) उखडला नाही ना ते बघा.