बाळ पेटीत असताना या चुका टाळा

बाळ पेटीत ठेवलंय म्हटलं की घरचे सगळे काचेला नाक लावून उभे राहतात, पण हात कुणी धुतलेत ते विचारलं की एकमेकांकडं बघतात. मी बेळगावात एनआयसीयूची, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची सिस्टर, आमच्याकडं खानापूर, निपाणी, चंदगडकडनं बाळं येतात, त्यामुळं हे रोजचंच.

बांगड्यांचं आधी सांगते. एका आजीनं मला सरळ सुनावलं, "बाळंतिणीचा चुडा उतरवायचा नसतोय." अवो आजी, पण बांगडीखाली ओल राहते, साबण पोचत नाही, जंतू तिथंच बसतंय. शेवटी पोरीनं चुडा पदराच्या गाठीत बांधला नि कोपरापर्यंत हात धुतले. साबणानं ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद चोळायचं, नि बाळाला शिवण्याआधी परत. बेसिनवरचा बोर्ड कन्नडात नि इंग्लिशमध्ये, त्या आजींना दोन्ही वाचता येत नाही, म्हणून मी शेजारी उभी राहून करून दाखवते. आणि मोबाईल बाहेर ठेवा की हो, धुतलेल्या हातानं लगेच व्हॉट्सॲप!

आता आमच्या डॉक्टर-सिस्टर लोकांची चूक, ही मोठी. बाळ सुस्त झालं की "हायर अँटिबायोटिक लावा", म्हणजे जंतू मारायचं जास्त जोराचं औषध. लावायला लागतंच, कल्चर, म्हणजे रक्तात कुठला जंतू वाढतोय ती तपासणी, यायला दोन-तीन दिवस जातात, तोवर थांबून कसं चालेल, पण कल्चर न पाठवता लावायचं आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला, बाळ बरं असलं तरी बंद करायचं नाही, हे चुकतं. दिल्लीत २०११ ते २०१४ मध्ये तीन हॉस्पिटलांत मोठा अभ्यास झाला, त्यात ॲसिनेटोबॅक्टर नि क्लेबसिएला या दोन जातींच्या जंतूंपैकी पहिल्याचे ८२ टक्के नि दुसऱ्याचे ५४ टक्के बऱ्याच औषधांना दाद देत नव्हते. मेरोपेनेमसारखं जोराचं अँटिबायोटिकही चालत नाही तेव्हा कोलिस्टिन या शेवटच्या औषधावर येतो, त्यापुढं हातात फारसं काही उरत नाही.

एका आठवड्यात दोन बाळांना तोच क्लेबसिएला, कुठलं औषध लागू पडतं तो रिपोर्टही सारखा, तर नशिबाला बोल लावू नका, दोघांना सामाईक काय होतं ते शोधा, विशेषतः ओलं काय होतं. कफ ओढायच्या सक्शनची बाटली, हवा दमट ठेवणाऱ्या ह्युमिडिफायरचं पाणी, बेसिनची जाळी. आधीच्या एका नोकरीत दोन बाळांचं असंच झालं, आम्ही फरशी पुसून पुसून दमलो, ग्लोव्हज डबल घातले (तेच ग्लोव्हज घालून तीन पेट्या फिरायचो, काय उपयोग), नि सापडलं काय तर ट्रॉलीवरची सलाईनची बाटली, बुचात सुई कायम टोचलेली, सगळ्या बाळांच्या शिरेतल्या नळीचं फ्लश, म्हणजे नळी धुवायचं सलाईन, त्यातनंच. कल्चर लावलं तर तोच जंतू. त्या दिवसापासनं प्रत्येक बाळाला वेगळं, एकदाच वापरायचं फ्लश, ती दोन बाळं एका बाजूला नि त्यांची सिस्टरही वेगळी.

अशा वेळी आईला मात्र बाहेर काढू नका. हात धुतलेली आई, तिचं दूध, कांगारू केअर, म्हणजे उघड्या छातीशी बाळ धरणं, हे बाळाला लागतंच. त्या चुडावाल्या पोरीनं दुसऱ्या दिवसापासनं बाळाला छातीशी घेतलं, नि आजी बेसिनपाशी उभी राहून दुसऱ्यांच्या सुनांच्या बांगड्या काढायला लावत होती.