लिंबाचा केक: साल आधी, रस शेवटी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केकसाठी लिंबं घेताना रसाआधी साल बघा: पिवळी, घट्ट, बिनडागी. सुगंधी तेल सालीत असतं, रसाचं काम मुख्यतः आंबटपणाचं. लिंबू धुऊन, पुसून, कापण्याआधीच बारीक किसणीवर हलक्या हाताने किसा. सालीखालचा पांढरा भाग आला की केक कडवट झालाच म्हणून समजा. 2 लिंबांचा कीस केकच्या साखरेत बोटांनी चोळून 10 मिनिटं झाकून ठेवा. साखर ओलसर होते, घरभर वास सुटतो. एसेन्सची बाटली राहू दे कपाटातच.

सोडा घालणार असाल तर रस अगदी शेवटी, आणि भांडं लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये. मिश्रण तसंच ठेवलं तर सगळा फुगवटा बाहेरच संपतो. रव्या-खोबऱ्याच्या बाथ केकलाही हेच लागू. फक्त रवा आधी नीट भिजू द्या. खोबरं आणि लिंबू यांचं माझ्या मते संत्र्यापेक्षाही छान जमतं.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत पिठीसाखरेचं आयसिंग पाघळतं. त्यापेक्षा गरम केकला सुईने टोचे मारून लिंबाचा रस घातलेला साखरेचा पातळ पाक चमच्याचमच्याने जिरवा. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, उरला तर.