उष्टावणाआधी घरात काय काय तयार हवं

आधी कॅलेंडर काढा आणि बाळाचे १८० दिवस ज्या दिवशी पूर्ण होतात, त्या तारखेवर खूण करा, दुधाशिवायचा वरचा आहार तेव्हापासून सुरू होतो. सहावा महिना लागणं पुरेसं नाही, सहा महिने पूर्ण व्हायला हवेत. पोटात असताना साठवलेलं लोह याच सुमारास संपत येतं आणि आईच्या दुधातून ते पुरेसं मिळत नाही. म्हणून ही तारीख फार अलीकडे घेऊ नये आणि फार पुढेही ढकलू नये. आपल्याकडे मुलीचं उष्टावण पाचव्या किंवा सातव्या महिन्यात, तर मुलाचं सहाव्या किंवा आठव्या महिन्यात करतात, आणि घोळ होतो तो इथेच. समारंभ आणि आहार हे दोन वेगळे कार्यक्रम ठरवा. आहार १८० दिवसांनंतर सुरू करा. समारंभ मुहूर्त असेल तेव्हा करा, फक्त तो आहाराच्या आधी येणार नाही एवढं पाहा. उष्टावणाच्या खिरीतला बाळाचा वाटा साखर आणि मध न घालता बाजूला काढा. चांदीचा चमचा चाटवायचा असेल तर त्याच्या कडेवरून बोट फिरवून बघा, धार लागत असेल तर दुसरा घ्या.

तारीख आली तरी बाळाकडे बघूनच सुरुवात करायची. मान स्थिर हवी. टेकून बसवल्यावर बाळ एका बाजूला कलंडता कामा नये. ओठाला चमचा लावल्यावर जिभेने प्रत्येक घास बाहेर ढकलत असेल, तर तीन-चार दिवस थांबून पुन्हा बघा. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा हिशोब वेगळा असतो, तो डॉक्टरांकडूनच करून घ्या.

भांड्यांची खरेदी थोडकीच आहे. स्टीलच्या दोन वाट्या, गोल कडेचे दोन छोटे चमचे, पाणी पाजायला लहान पेला, झाकणाचा एक डबा आणि कुकरात मावेल असं एक गंज, म्हणजे छोटं पातेलं. बाटली घेऊ नका. तिचं बूच आणि निप्पल नीट धुतलं जात नाही आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्यात जंतू झपाट्याने वाढतात. घरातली वाटी एकदा मोजून ठेवा. औषधाच्या मापाने त्यात पाणी ओता आणि किती मिलि मावतं ते लिहून ठेवा. आहाराचं प्रमाण बहुतेक ठिकाणी २५० मिलिच्या वाटीत सांगितलेलं असतं आणि घरातली वाटी बहुतेक वेळा त्याहून लहान असते. हे माहीत नसलं की बाळ जेवत नाही असं वाटतं, किंवा उलट, भरपूर जेवतंय असं वाटतं.

किराण्यात तांदूळ, मूगडाळ, तूरडाळ, नाचणी, गहू, तूप आणि फल्लीदाणे (शेंगदाणे) एवढं पुरतं. नागपूरच्या इतवारी बाजारातून सुटी तूरडाळ आणणार असाल तर ती ताटात पसरून बघा. तिरप्या, पाचरीसारख्या आकाराचे दाणे मिसळलेले दिसले तर ती लाखोळी असू शकते. पूर्व विदर्भात लाखोळीची डाळ खाल्ली जाते, पण तिच्यात नसांवर परिणाम करणारं द्रव्य असतं आणि सतत खाल्ल्यास पाय लुळे पडू शकतात. बाळाच्या जेवणात ती अजिबात नको.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि घरातल्या मोठ्यांशी आधीच बोलून ठेवायची तीही हीच: वरणाचं पाणी, भाताची पेज, मुगाचं कढण यांनी बाळाचं पोट भरतं, पण पोषण होत नाही. बाळाचं जठर वजनाच्या दर किलोला साधारण ३० मिलि एवढंच धरतं. सात किलोच्या बाळाचं झालं जेमतेम २०० मिलि. एवढ्याशा जागेत पाणी भरलं तर अन्नाला जागा उरणार कुठे? सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज वरच्या अन्नातून रोज साधारण २०० किलोकॅलरी हव्या असतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००. पातळ पाण्यातून त्या कधीच भरून निघत नाहीत. घट्टपणा ओळखायची खूण सोपी आहे. चमचा तिरपा केला की घास चमच्यावरच राहिला पाहिजे. तो घरंगळून वाटीत पडला तर पाणी जास्त झालं.

पहिल्या आठवड्यासाठी दोन टेबलस्पून तांदूळ आणि एक टेबलस्पून मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. मग सुमारे २५० मिलि पाणी घालून कुकरात चार-पाच शिट्ट्या करा. डावाच्या पाठीने घोटून वर अर्धा चमचा तूप घाला. मीठ आणि गूळ वर्षभर घालायचं नाही. साखर तर दोन वर्षांपर्यंत टाळलेली बरी. मिक्सरमधून रोज गुळगुळीत काढण्याची सवय लावू नका. आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत बाळाला बारीक दाणेदार, मग छोटे मऊ गोळे असलेलं अन्न खाता आलं पाहिजे. दहा महिन्यांनंतरही दाणेदार अन्न सुरू केलं नाही, तर पुढे ते गिळायला बाळ फार कटकट करतं.

नाचणीची खीर घट्ट झाली की ती बाळाला गिळता येत नाही, आणि पाणी घालून पातळ केली की कस कमी होतो. यावर एक जुना, चांगला उपाय आहे. गहू किंवा नाचणीला मोड आणून, सुकवून, हलकं भाजून पीठ करून ठेवा. शिजलेली घट्ट खीर आचेवरून उतरवून थोडी निवू द्या आणि गरम असतानाच हे पीठ अर्धा ते एक चमचा ढवळा. दोन-तीन मिनिटांत ती पाणी न घालता सैल होते, कारण मोडांतल्या अमायलेज नावाच्या पाचक द्रव्यामुळे स्टार्च तुटतो. मग एक उकळी काढून घ्या. पीठ उकळत्या खिरीत टाकलं तर अमायलेज निकामी होतं आणि खीर घट्टच राहते.

लोहाची सोय वेगळी लागते. घरी अंडं, मटण किंवा चिकन चालत असेल तर बारीक खिमा करून, पूर्ण शिजवून आठवड्यातून काही वेळा द्या. शाकाहारी घरात डाळीवर लिंबाचे चार थेंब पिळा, क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. चहाचा घोट मात्र कधीच नको. सरकारी कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना लोह आणि फॉलिक अॅसिडचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिलि दिलं जातं. आशाताईंना आधीच विचारून ठेवा. सिरप सुरू झालं की शी काळी होते, घाबरू नका.

घरातला स्वयंपाक एकच राहू द्या. फक्त फोडणी आणि तिखट-मीठ घालण्याआधी बाळाचा वाटा काढून ठेवा. झणझणीत साऊजी रश्शाच्या पातेल्यातून नंतर काढून धुतलेला आलू बाळासाठी चालत नाही, तिखट आत गेलेलं असतं.

नवीन पदार्थ सकाळी, बाळ ठणठणीत असताना आणि एका वेळी एकच सुरू करा. तो तीन दिवस चालू ठेवा, मग दुसरा. अंडं आणि फल्लीदाणे मुद्दाम उशिरा देण्याची जुनी पद्धत आता सोडलेली बरी, उशीर केल्याने अॅलर्जी टळत नाही. अंडं कडक उकडलेलं हवं. फल्लीदाण्यांचं कूट मऊ वाटून खिचडीत पातळ करून द्यायचं, अख्खा दाणा कधीच नाही. बाळाला जोराचा इसब असेल किंवा आधी कशाची अॅलर्जी झाली असेल, तर हे दोन्ही पदार्थ डॉक्टरांना विचारूनच. अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा डोळे सुजणं, वारंवार उलटी, श्वासाला घरघर यांतलं काही दिसलं तर वाट पाहायची नाही, दवाखाना गाठायचा. संत्र्याच्या रसाने तोंडाभोवती नुसती लाली आली, तर बहुतेक वेळा तो आंबटपणाचा परिणाम असतो. संत्र्याची पेशी सोलून, वरची साल आणि बिया काढून आतला गर कुस्करून द्या. वर्षभर रस पाजू नका. मध वर्षाच्या आत थेंबभरही नको. त्यातल्या बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू उकळल्यावरही मरत नाहीत आणि बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. घुटीही या यादीतून वगळा. ती उगाळताना किती आणि काय पोटात जातं, हे मोजता येत नाही.

गळ्यात अडकण्याची तयारी बहुतेक घरं विसरतात. फल्लीदाणे, फुटाणे, मुरमुरे, अख्खी द्राक्षं, डाळिंबाचे दाणे, कच्च्या गाजराचे तुकडे बाळाच्या हाती लागतील असे ठेवू नका. द्राक्षाचे उभे चार भाग करा. जेवण मांडीवर किंवा खुर्चीत ताठ बसवून, कधीही झोपवून नाही आणि मोबाईल दाखवून नाही. घास घशाशी लागून बाळ खोकलं, ओकारी आली, चेहरा लाल झाला, तर त्याला खोकू द्या. ते स्वतःच घास बाहेर काढतं. आवाज बंद झाला, चेहरा निळसर झाला, तर मात्र वाट पाहू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली ठेवा आणि पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापट्या मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब द्या. घास निघेपर्यंत हेच आलटून पालटून करायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. घशात न दिसणारा घास बोट घालून काढायला जाऊ नका, तो आणखी आत जातो. बाळ सांभाळणाऱ्या आजी, आत्या, मावशी, प्रत्येकीला हे एकदा करून दाखवा.

सहा महिने पूर्ण होण्याआधी पाणी नको, मग बाहेर ४५ अंश असले तरी. आईचं दूध पुरतं. आहार सुरू झाल्यावर उकळून गार केलेलं पाणी जेवणासोबत पेल्याने दोन-चार घोट. उन्हाळ्यात शिजलेलं अन्न बाहेर एक तासापेक्षा जास्त ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात कुलरच्या खोलीतही हवा तापलेली असते. फ्रिजमधलं अन्न वाफ येईपर्यंत गरम करा, पण उष्टं अन्न पुन्हा ठेवू नका. घरात ओआरएसची पाकिटं आधीच आणून ठेवा. जुलाब लागले तर प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलि चमच्याने थोडं थोडं पाजा, दूध चालूच ठेवा. बाळ सुस्त पडलं, लघवी कमी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर लगेच दवाखान्यात न्या.

पहिल्या दिवशी सकाळी थोडं दूध पाजून झाल्यावर दोन-तीन चमचे खिचडी द्या. पुरे म्हणून तोंड फिरवलं की थांबा. सहा ते आठ महिन्यांत हळूहळू २५० मिलिच्या वाटीची अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी, तीन-चार वेळा, मध्ये एक-दोन वेळा केळं किंवा उकडलेलं रताळं. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही. एखादा पदार्थ बाळाने थुंकला तर दोन-चार दिवसांनी पुन्हा द्या. आठ-दहा वेळा चाखल्यावरही ते स्वीकारतं.

नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेला लसीला जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या. त्या दिवशी अ जीवनसत्त्वाचा डोसही मिळतो. वजनाचा ठिपका आलेखावर तिथेच मांडून घ्या. दोन महिन्यांत रेघ वर सरकली नसेल, तर दिवसभरात बाळाने किती वाट्या आणि किती घट्ट खाल्लं, ते लिहून डॉक्टरांना दाखवा.