लांबून मुलांचे कान तपासताना या चुका टाळा

देवगड तालुक्यातल्या वाड्यांवरच्या मुलांचे कान मी शहरात बसून लॅपटॉपवरून तपासते. तिकडे आशाताई किंवा अंगणवाडीची मदतनीस हेडफोन लावते, इकडून मी तिथल्या यंत्रातून आवाज सोडते. यंत्रं चांगली आहेत. निकाल चुकतात ते पलीकडच्या खोलीत काय चाललंय हे आपण बघत नाही म्हणून.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मुलाला नकळत मिळणारा इशारा. पाच वर्षांचा एक मुलगा होता. आवाज आला की काजूची एक बी डब्यात टाकायची, असा खेळ. 1000, 2000, 4000 हर्ट्झ (आकडा मोठा तसा आवाज बारीक), तिन्ही 20 डेसिबलला, म्हणजे अगदी हळू, दोन्ही कानांना प्रत्येक वेळी बी पडली. मी 'पास' लिहिलं. मागून आजी म्हणाली, "तेका सगळा ऐकाक येता, नुसती मस्ती करता."

तीन महिन्यांनी अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला. हाक मारली की येतो, पण 'स' आणि 'श' त्याच्या बोलण्यात नाहीतच. पुन्हा तपासायला घेतला आणि या वेळी फोन लांब ठेवायला लावला, सगळी खोली दिसेल असा. तेव्हा कळलं. आवाज सुटला की टॅबवर हिरवा ठिपका पेटायचा, तो बघून मदतनीस ताईंची हनुवटी किंचित वर जायची. पोराची नजर हनुवटीवर. ताईंनी मुद्दाम काही केलं नव्हतं, पोरगं पास व्हावं एवढीच त्यांची इच्छा. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं, तर 4000 ला 60 डेसिबलपर्यंत बी हातातच राहिली. दोन्ही कानांत तेच. बोलणं घडण्याच्या वयातले त्याचे तीन महिने माझ्यामुळे गेले.

तेव्हापासून मूल ताईंकडे आणि टॅबकडे पाठ करूनच बसतं. दोन आवाजांमधलं अंतर मी सारखं बदलते आणि मध्येच काहीही न सोडता थांबते. शांततेत बी पडली, की खेळ पुन्हा पहिल्यापासून शिकवते. याला वेळ लागतो. तासाभरात तीस मुलं उरकली असं नवीन मंडळी अभिमानाने सांगतात, तेव्हा त्यातली किती खरंच ऐकत होती हा प्रश्न मला पडतो.

दुसरी चूक खोलीची. जुलैत पत्र्याच्या वर्गात तपासणी ठेवणं म्हणजे निम्मी मुलं विनाकारण नापास करणं. पाऊस थांबला तरी पागोळ्या गळत असतात, शेजारी मिक्सर चालू असतो. व्हिडिओ कॉलवर मात्र खोली शांत वाटते, कारण कॉलचं अ‍ॅप मागचा आवाज स्वतःच कापतं. म्हणून मी आधी ताईंच्याच कानाला हेडफोन लावते. ताईंचे कान चांगले असून त्यांना 1000 हर्ट्झचा 20 डेसिबलचा आवाज ऐकू येत नसेल, तर खोली बदलायची. कौलारू घराचं माजघर, दार लोटलेलं, पंखा बंद, हे मला शाळेच्या हॉलपेक्षा बरं वाटतं. आवाज वाढवून 35 ला तपासण्याचा शॉर्टकट अजिबात नको, सौम्य दोष त्यातच निसटतात.

कॉलचं अ‍ॅप आवाज कापतं, म्हणूनच तपासणीचा आवाज कॉलवरून कधीच सोडू नका. तो तिकडच्या यंत्रातूनच निघाला पाहिजे.

यंत्राचे हेडफोन हरवले म्हणून गाण्याचे इअरफोन लावू नका, कॅलिब्रेशन, म्हणजे आवाज मोजून केलेली जुळणी, त्या जोडीपुरतंच असतं. लाल उजवा, निळा डावा, दर मुलाला बघायचं.

कानात खोबरेल घालून आणलेलं मूल त्या दिवशी तपासू नका. आणि तेल घालणं बंद करायला सांगा.

टाळी वाजवून 'वळला' म्हणू नका. टाळीत जाड-बारीक सगळे आवाज असतात, बारीक आवाज न ऐकणारं मूलही वळतं.

तान्ह्या बाळाची ओएई तपासणी (कानात आवाज सोडून आतून येणारा प्रतिसाद टिपणारी) पास झाली तरी ते काचेच्या पेटीत राहिलेलं असेल किंवा कावीळ खूप वाढलेली असेल, तर बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का हे बघणारी तपासणी, करायलाच हवी. ओएई कानाच्या आतल्या पेशींपुरतं सांगते, पुढच्या नसेचं नाही.

'रेफर' हा निकाल म्हणजे पुढे तपासायला पाठवणं, बहिरा नव्हे, हे आईला तिथल्या तिथे सांगा. मळ किंवा सर्दीचं पाणीही असू शकतं. पण 'मोठा झाला की बोलेल' म्हणून घरी बसू देऊ नका. बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात, दोषाचं निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्यापर्यंत सुरू व्हायला हवेत. जिल्हा रुग्णालयाची तारीख मी कॉल चालू असतानाच ठरवते आणि ताईंना ती घरातल्या कॅलेंडरवर आईच्याच हाताने लिहून घ्यायला लावते.