निर्वासित वाचक आणि आपले वाचनालय : या चुका टाळा

सिंधमधून आलेली अनेक हिंदू कुटुंबे इंदुरात दीर्घकालीन व्हिसावर राहतात. त्यांच्यातले कोणी वाचनालयात आले की पहिली चूक काउंटरवरच होते : अर्जासोबत आधार कार्ड मागितले जाते. नव्याने आलेल्यांकडे पासपोर्ट आणि व्हिसा असतो, आधार बहुधा नसते. आत बसून वाचण्यासाठी कोणताही कागद मागू नये. पुस्तक घरी न्यायचे असल्यास थोडी अनामत किंवा जुन्या सभासदाची हमी पुरेशी मानावी.

सर्वांत जास्त नुकसान लिपीच्या बाबतीत होते. सिंधी पुस्तके आणली, पण कोणी हात लावत नाही, अशी तक्रार असेल तर ती पुस्तके देवनागरीत आहेत का, हे आधी पाहावे. सिंधमधल्या शाळांत सिंधी ५२ अक्षरांच्या अरबी वळणाच्या लिपीत शिकवतात; त्यामुळे तिकडे दहावी झालेली मुलगी देवनागरी सिंधी पुस्तक उघडते तेव्हा तिला स्वतःचीच भाषा वाचता येत नाही. अशा मुलीला बालविभागात बसवून पहिलीचे पुस्तक हाती देणे हा तिचा अपमान आहे, असे मला वाटते. एकच मजकूर दोन्ही लिप्यांत शेजारी ठेवावा, आणि फाळणीनंतर आलेल्या कुटुंबांतील जी ज्येष्ठ मंडळी अरबी वळणाची लिपी अजून वाचतात, त्यांनी येऊन शिकवावे म्हणून त्यांना आग्रहाने बोलवावे.

कायद्याविषयी ग्रंथपालाने तोंडी सल्ला देऊ नये. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे सारे काही व्हिसा आणि नागरिकत्वाच्या नियमांवर ठरते, आणि तिथे तारखांची गल्लत सहज होते. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीसाठी ३१ डिसेंबर २०१४पूर्वीचा किंवा त्या दिवशीचा प्रवेश लागतो. परदेशी नागरिकांविषयीच्या केंद्र सरकारच्या २०२५च्या आदेशातली ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख पासपोर्ट-व्हिसाविषयीच्या सवलतीपुरती आहे, तिने नागरिकत्व मिळत नाही. ऑनलाइन अर्ज भरायला मदत जरूर करावी. शंका असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्यावा.

कार्यक्रमांचे फोटो विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपवर टाकू नयेत, कारण अनेकांचे नातेवाईक अजून सिंधमध्येच आहेत. अर्ज भरून झाल्यावर संगणकावर राहिलेला पासपोर्टचा स्कॅन त्या व्यक्तीसमोरच पुसावा, रिसायकल बिनही रिकामा करावा आणि तिचे खाते लॉग आउट झाल्याची खात्री करूनच पुढच्या वाचकाला बसवावे.